न दुखणारी जखम आणि अंगावरचे संवेदक

स्मरणिकेसाठी शल्यचिकित्सेतील एखाद्या नव्या साधनाविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा विषय माझ्यापुढे तयारच होता. जखमेवर चिकटवायची आणि जखमेची हालहवाल आपण होऊन कळविणारी पट्टी, हा तो विषय. अलीकडे या पट्ट्यांविषयी वृत्तपत्रांतून इतके छापून येते की, रुग्णांचे नातेवाईकही त्यांची चौकशी करू लागले आहेत. गेल्या वर्षी बेळगावजवळच्या एका गावातील निवृत्त शिक्षकांच्या मुलाने पुण्याहून फोन करून मला विचारले, "डॉक्टर, बाबांच्या पायाला ती सेन्सरची पट्टी लावता येईल का? खर्चाचं बघू नका." बाबांच्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढा व्रण होता. मधुमेह एकोणीस वर्षांचा, आणि जखम चार महिने जागची हलली नव्हती. "असल्या पट्ट्या अजून आपल्याकडे आलेल्या नाहीत," एवढेच मी त्यांना सांगितले. उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची दुरुस्ती समजावी.

जीर्ण व्रणांचे आपल्या पाहण्यात येणारे मुख्य प्रकार तीन: मधुमेही पायावरचा व्रण, पोटरीच्या फुगलेल्या शिरांमुळे घोट्याजवळ होणारा व्रण आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा शय्याव्रण. तिघांची कारणे निराळी असली तरी चिकित्सकाचा प्रश्न एकच असतो. ही जखम भरण्याच्या वाटेवर आहे की नाही? या प्रश्नाचे उत्तर आपण आजही बहुधा डोळ्यांनी आणि नाकाने देतो. आयुर्वेदाच्या सदस्यमित्रांना आठवण करून देण्याची गरज नाही की, सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणाच्या स्रावावर 'व्रणास्रावविज्ञानीय' नावाचा एक स्वतंत्र अध्यायच आहे आणि दुष्टव्रण व शुद्धव्रण यांचा भेद वर्ण, गंध, स्राव व वेदना यांवरून केलेला आहे. आज प्रयोगशाळांतून ज्या पट्ट्या तयार होत आहेत, त्यांचे काम थोडक्यात सांगावयाचे तर स्रावपरीक्षेचेच आहे. फरक इतकाच की, परीक्षा दिवसातून एकदा ड्रेसिंग सोडल्यावर होत नाही. ती अखंड चालू राहते.

डोळ्यांचा अंदाज फसवा असतो, हे मी स्वानुभवावरून लिहितो. काही वर्षांपूर्वी एका रुग्णाचा व्रण "बरा दिसतो आहे" असे मी सलग सहा आठवडे केसपेपरवर लिहीत गेलो. कण उत्तम होते, रंग लाल होता. क्षेत्रफळ मात्र मी एकदाही मोजले नव्हते. सातव्या आठवड्यात हाडापर्यंत संसर्ग पोचल्याचे कळले आणि दोन बोटे गेली. वास्तविक मोजण्याचे साधन तेव्हाही हाताशी होते. पारदर्शक कागदावर जखमेची कड रेखावी आणि आलेखाच्या चौकोनांवर ठेवून मोजावी, यापलीकडे त्यात काही नाही. शीहान आणि सहकाऱ्यांनी २००३ साली मधुमेही पायाच्या २०३ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या चार आठवड्यांत ज्यांच्या जखमेचे क्षेत्रफळ सुमारे ५३ टक्क्यांहून अधिक घटले, त्यांपैकी ५८ टक्के रुग्ण बारा आठवड्यांत पूर्ण बरे झाले; ज्यांचे तितके घटले नाही, त्यांपैकी केवळ ९ टक्के. चार आठवड्यांत निम्मी घट झाली नाही तर उपचार बदलावा, हा नियम येथून रूढ झाला. संवेदकांकडून आपली अपेक्षा असेल तर ती हीच की, चार आठवड्यांनी कळणारी गोष्ट त्यांनी चार दिवसांत सांगावी.

आता ही पट्टी काय मोजते ते पाहू. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ४ ते ६ च्या दरम्यान राहतो. जीर्ण व्रणात तो बहुधा ७ च्या पुढे, कधी जवळजवळ ९ पर्यंत चढतो. जंतूंनी सोडलेला अमोनिया हे त्याचे एक कारण होय. अशा अल्कधर्मी स्रावात नव्या ऊती पोखरणारी प्रथिनभंजक विकरे अधिक कार्यक्षम होतात, म्हणून सामू चढता राहणे हे सुलक्षण नव्हे. पट्टीत कार्बनच्या बारीक विद्युतअग्रावर पॉलिअनिलिनसारख्या पदार्थाचा थर असतो. स्रावातील हायड्रोजन आयनांचे प्रमाण बदलले की त्याचा विद्युतदाब बदलतो. सामू एका अंकाने बदलल्यास हा फरक सिद्धान्ताप्रमाणे २५ अंश तापमानाला सुमारे ५९ मिलिव्होल्ट भरतो. लॅक्टेट, ग्लुकोज व युरिक आम्ल मोजण्यासाठी अग्रावर विशिष्ट विकर बसवितात. रक्तशर्करा मोजण्याची आपल्या घरोघरची पट्टी याच तत्त्वावर चालते. ओलावा आणि नव्या त्वचेची वाढ मोजण्याची रीत याहून सोपी आहे. दोन अग्रांमधून अगदी मंद प्रत्यावर्ती प्रवाह सोडून किती अडथळा होतो ते पाहावयाचे. उघड्या ओल्या जखमेत अडथळा कमी असतो. बाह्यत्वचा वरून सरकू लागली की तो वाढतो.

या क्षेत्रातील काम खरोखर देखणे आहे, यात शंका नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील गटाने २०१५ साली उंदरांच्या त्वचेवर विद्युतअडथळ्याचा नकाशा काढून, डोळ्यांना काहीही दिसण्यापूर्वी दाबाने झालेली इजा ओळखून दाखविली. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली शिरांच्या व्रणासाठी केलेली पट्टी दाहजन्य प्रथिने, स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जंतू, सामू व तापमान अशा अनेक गोष्टी एकदम मोजते आणि वाचन पंधरा मिनिटांत फोनवर पाठविते. कॅलटेकमधील वेई गाओ यांच्या गटाची २०२३ सालची लवचीक पट्टी मोजमापाबरोबरच औषध सोडण्याचे व विद्युतउत्तेजनाचे कामही करते. ती प्रथम मधुमेही उंदरांवर वापरली गेली. त्याच गटाने २०२५ साली सुधारित पट्टी वीस रुग्णांवर वापरली. तिच्यात ताजा स्राव सूक्ष्म नलिकांतून सतत ओढून घेण्याची सोय आहे. नायट्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांवरून दाह व संसर्ग यांची चाहूल लक्षणांच्या एक ते तीन दिवस आधी लागू शकते, असे त्यांचे म्हणणे आहे.

तरीही उंदीर आणि वीस रुग्ण यांच्यापुढे अद्याप बरेच अंतर कापावयाचे आहे, हे विसरून चालणार नाही. जखमेचा स्राव हे मोठे अवघड माध्यम होय. त्यातील प्रथिने काही तासांत अग्रावर साय धरतात, बसविलेले विकर दिवसागणिक मंदावते आणि ज्या मुदतीत पट्टी अचूक राहते ती मुदत जखमेच्या आयुष्याच्या मानाने तोकडी पडते. शिवाय आपण जखमेत जे घालतो त्याचाही हिशेब धरावा लागतो. मधाचे ड्रेसिंग केल्यावर खाली आलेला सामू हा मधाचा असतो, जखमेचा नव्हे. आपल्याकडे तर रुग्ण रुग्णालयात येण्यापूर्वी हळद, तूप व चुना यांपैकी एकदोन गोष्टी तेथे हजेरी लावून गेलेल्या असतात.

यांतील सर्वांत साधा संवेदक मला सर्वांत उपयोगाचा वाटतो. तो ड्रेसिंगमधील ओलाव्याचा. ओलसर जखमेवर बाह्यत्वचा कोरड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने वाढते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांवरील प्रयोगांतून दाखविले होते. स्कॉटलंडमधील संशोधकांनी ड्रेसिंगखाली ठेवावयाचा, टाकून देण्याजोगा ओलावा-संवेदक तयार केला. त्याच्या साह्याने पाहणी केली असता, बदललेल्या ड्रेसिंगांपैकी जवळजवळ ४५ टक्के ड्रेसिंगे ओलावा अगदी योग्य असतानाच सोडली गेली होती असे आढळले. म्हणजे जखम निवांत भरत असताना आपण रोज सकाळी तिचे दार ठोठावतो! रोजचे ड्रेसिंग ही आपल्याकडे रुग्णसेवेची खूण मानली जाते आणि, स्पष्टच लिहावयाचे तर, अनेक ठिकाणी ती मिळकतीचीही बाब आहे.

आतापर्यंत जखमेच्या आतील मोजमापांविषयी लिहिले. परंतु मधुमेही पायाच्या बाबतीत खरी उपयुक्त माहिती जखमेबाहेर, पायाच्या तापमानात आणि पावलांच्या संख्येत सापडली आहे. त्वचा फुटण्यापूर्वी वारंवार दाब पडणारी जागा तापते. दोन्ही पायांवरील सारख्याच जागी २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक सलग दोन दिवस राहिला तर धोका समजावा, असा संकेत आहे. लॅव्हरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १७३ रुग्णांना पंधरा महिने पाहिले. रोज तापमान मोजणाऱ्या गटात ८.५ टक्क्यांना व्रण झाला. नेहमीच्या उपचारांच्या गटात २९.३ टक्क्यांना. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१७ साली घरी पाय ठेवण्याच्या तापमापक चटईचा अभ्यास झाला. होऊ घातलेल्या व्रणांपैकी ९७ टक्के व्रणांची सूचना तिने सरासरी ३७ दिवस आधी दिली. खोट्या सूचनाही अर्थात पुष्कळ दिल्या.

इतके झाल्यावर प्रश्न सुटला, असे कोणालाही वाटले असते. परंतु नेदरलँड्समध्ये ३०४ रुग्णांवर अठरा महिने चाललेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने या आशेवर थोडे पाणी टाकले. तापमान मोजणाऱ्या गटात २९.१ टक्क्यांना व्रण झाला, दुसऱ्या गटात ३७.३ टक्क्यांना, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. मात्र त्याच चाचणीतील एक तपशील मला फार बोलका वाटतो. मोजणाऱ्या गटातील ८३ जणांच्या पायावर तापलेली जागा आढळली. सूचना सर्वांना एकच होती: चालणे कमी करा, कळवा. चालणे कमी केले केवळ २४ जणांनी. त्या चोविसांपैकी व्रण झाला तो तिघांनाच.

उपकरण खरे बोलले आणि बहुतेकांनी ते ऐकले नाही. असे का व्हावे, याचे उत्तर एका शल्यविशारदाने पुष्कळ आधी शोधले होते. तमिळनाडूच्या कोल्ली टेकड्यांत मिशनरी आईवडिलांच्या पोटी १९१४ साली जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होते. कुष्ठरुग्णाच्या हातापायांची बोटे आपोआप 'झडत' नाहीत. वेदना नसल्यामुळे न जाणवलेल्या इजांनी ती नष्ट होतात, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. मधुमेही पायाविषयीचे आपले आजचे पुष्कळसे ज्ञान त्या कामावर उभे आहे. १९६६ साली ते अमेरिकेतील कारव्हिल येथील कुष्ठरुग्णालयात गेले आणि तेथे त्यांनी एक विलक्षण खटाटोप केला. वेदना हरपली असेल तर कृत्रिम वेदना निर्माण करावी, या विचाराने त्यांनी अभियंत्यांच्या मदतीने हातमोजे व पायमोजे यांत दाबाचे संवेदक बसविले. अंगावर वागवावयाच्या संवेदकांचा बधिर पायासाठी झालेला हा फार आरंभीचा प्रयत्न असावा. दाब वाढला की कानात आवाज होई. रुग्ण तो ऐकत आणि हातातले काम चालू ठेवत. मग आवाजाऐवजी, जेथे संवेदना शाबूत होती अशा काखेत विजेचा चटका देण्याची योजना केली. तेव्हा काम अडले की रुग्ण यंत्र बंद करीत, काम उरकीत आणि पुन्हा चालू करीत. अखेर ब्रँड यांनी तो प्रकल्प सोडून दिला. खऱ्या वेदनेचे बटण आपल्या हाती नसते, हे या खटपटीतून त्यांना उमगले. हा सारा वृत्तान्त त्यांनी १९९३ साली आलेल्या आपल्या पुस्तकात मोकळेपणाने दिला आहे. अपयशाचे इतके प्रामाणिक कथन आपल्या व्यवसायात क्वचित आढळते.

डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तळपायाला व्रण असलेल्या वीस रुग्णांच्या कमरेला एक आणि दाब हलका करणाऱ्या काढता येण्याजोग्या बुटात दुसरा असे दोन पाऊलमापक ठेवले. दिवसभरात टाकलेल्या पावलांपैकी केवळ २८ टक्के पावले बूट घालून टाकलेली होती. उरलेली ७२ टक्के थेट जखमेवर! तोच बूट वरून पट्टी गुंडाळून न काढता येण्याजोगा केला तर काय होते, हे त्यांनी पुढील चाचणीत पाहिले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार बारा आठवड्यांत न काढता येणाऱ्या बुटाचे ८२.६ टक्के रुग्ण बरे झाले, काढता येणाऱ्याचे ५१.९ टक्के. बूट तोच, जखमाही त्याच जातीच्या. वेगळी होती ती फक्त वरची पट्टी. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेतही तळपायाच्या बधिर व्रणासाठी गुडघ्यापर्यंतचे न काढता येणारे साधन हीच पहिली निवड आहे. रक्तपुरवठा पुरेसा असावा आणि संसर्ग आटोक्यात असावा, ही पूर्वअट अर्थातच आहे; पायाची नाडी हाताने तपासल्यावाचून हा उपाय करू नये.

उलट बाजूही नमूद केली पाहिजे, कारण संवेदक निरुपयोगी आहेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. अमेरिकेत अतिदक्षता विभागातील तेराशेहून अधिक रुग्णांच्या छातीवर कूस मोजणारे संवेदक लावून केलेल्या चाचणीत (२०१८) शय्याव्रणांचे प्रमाण २.३ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आले. तेथे सूचना परिचारिकेकडे जात होती आणि रुग्णाची कूस बदलणे हे तिचे कामच होते. इंग्लंडमध्ये दाबमापक तळवा आणि मनगटी घड्याळ यांची जोडी वापरून व्रणाची पुनरावृत्ती ७१ टक्क्यांनी घटल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले. रुग्णसंख्या ५८ इतकीच होती, आणि ज्यांनी ते साधन नियमित वापरले त्यांना लाभ अधिक झाला.

आता आमच्या गुरुजींकडे वळतो. पायाच्या नाड्या उत्तम होत्या, हाडाच्या क्ष-किरण चित्रात काही नव्हते आणि ड्रेसिंग तर काकू माझ्या परिचारिकेहूनही नेटके करीत. दाब हलका करणारा बूटही मी आधीच दिलेला होता. "घालता ना?" असे विचारले की उत्तर येई, "घालतो की, डॉक्टर. बाहेर पडलो की घातल्याशिवाय पाऊल टाकत न्हाई." हे अक्षरशः खरे होते. नातवाचे पावले मोजणारे मनगटी पट्टे मिळाले. गुरुजींना सर्व समजावून, त्यांच्या संमतीने, एक पट्टा कमरेला आणि एक बुटाला बांधला. तीन दिवसांनी पाहिले तर कमरेच्या पट्ट्यावर दिवसाला चार हजारांच्या आसपास पावले आणि बुटाच्या पट्ट्यावर नऊशे. उरलेली पावले घरातली होती. ओटीवरून देवघरात, देवघरातून परसात तुळशीपाशी, तेथून न्हाणीघरात. घरात पादत्राण घालावयाचे नाही, हा जन्माचा संस्कार. त्यात देवघरात बूट ही तर कल्पनाच त्यांना असह्य होती. "दुखलं असतं तर बसलो असतो हो मी," ते म्हणाले. आर्मस्ट्राँगच्या रुग्णांना बूट काढावयास देवघराचे कारण नव्हते, तरीही आकडे फारसे निराळे आले नाहीत.

न काढता येणारा बूट करू म्हटल्यावर गुरुजींची हरकत दुखण्याची नव्हती, स्नानाची व पूजेची होती. त्यावर काकूंनीच तोड काढली. पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून खुर्चीवर बसून स्नान करावयाचे आणि बूट मोडेपर्यंत पूजा नातवाने करावयाची. बुटावरून प्लॅस्टरची पट्टी फिरविली. दर आठवड्यास ती कापून जखम पाहावयाची, पारदर्शक कागदावर कड रेखावयाची आणि नवी पट्टी चढवावयाची. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्याहून खाली आले आणि दहाव्या आठवड्यात जखम मिटली. साऱ्यात संवेदकांचे काम म्हणावयाचे तर ते दोन पट्ट्यांनी तीन दिवसांत केले होते.

मिटलेली जखम पुन्हा फुटण्याची शक्यता मोठी असते. पहिल्या वर्षातच सुमारे ४० टक्के रुग्णांत ती फुटते. म्हणून आता घरी तापमान मोजण्याचा क्रम चालू आहे. कोरोनाकाळात घरोघरी आलेल्या अवरक्त तापमापकांतला, पृष्ठभागाचे तापमान दाखविण्याची सोय असलेला एक तापमापक पुरतो; केवळ कपाळासाठी असलेला चालत नाही, कारण तो आपल्या मनाने आकडा वाढवून दाखवितो. सकाळी चालण्यापूर्वी, पंधरा मिनिटे पाय उघडे ठेवून, अंगठा, पुढच्या चवड्याचे तीन बिंदू आणि पायाचा मध्यभाग अशा जागी दोन्ही पायांवर मोजावयाचे. एका पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा दोन्ही पायांना व्रण असतील तर ही तुलना फसते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. मोजण्याचे काम मी मुद्दाम काकूंकडे दिले आहे, गुरुजींकडे नाही.

वही गुरुजींच्या सुवाच्य अक्षरात आहे. डावा, उजवा, फरक असे रकाने त्यांनी पट्टीने आखले आहेत. एप्रिलमध्ये दोन दिवस फरक तीन अंशांवर गेला, तेव्हा काकूंनी त्यांना चार दिवस ओटीवरच्या खुर्चीतून उठू दिले नाही आणि नंतर फोन करून मला तसे कळविले. मागच्या महिन्यात वही तपासावयास आणली तेव्हा तीत एक नवा रकाना दिसला. तो काकूंच्या हातचा आहे. मथळा आहे, "घरात चप्पल घातली का". गुरुजींना देवघरासाठी कापडी तळव्याची निराळी जोडी शिवून दिली आहे. त्या रकान्यात बहुतेक दिवशी 'होय' आहे, एकादशीच्या दिवशी मात्र दोन्ही वेळा 'नाही'.